शकूचं मौन

पिपरी (मेघे),
ता. २८ जुलै १९५५

मधुकरराव यांस रूपराव सुताराचा रामराम.

पोस्टकार्ड न टाकता लखोटा पाठवून राह्यलो. यावरूनच समजून घ्या, का हे तुमच्या हॉटेलात चहासोबत वाचून दाखवाचं पत्र नाई.

तुमची बहीण परत बसली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बसली होती, मग मधात एकदा संक्रांतीपासून होळीपर्यंत. तवा आपोआप उठली, म्हून तुमाले कळवलं नाई. या खेपेस चैतात बसली, आता श्रावण लागला. सकाळी उठत नाई. उठवलं त मधल्या घरात भिंतीले टेकून बसते. जेव म्हटलं त दोन घास खाते, नाई म्हटलं त तेवढेही नाई. केस विंचरत नाई. बोलत नाई. शकूचं बोलणं तुमाले माहीत हाये, ती भाजीवालीसंगं भाव कराले लागली का नाल्यापलीकडचे लोक हातातलं काम थांबवत. आता घरात माह्या रंध्याचाच आवाज हाये.

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल कराले घेतले. दरवर्षी मी बैल करतो न शकू त्याईचे डोळे रंगवते. या वर्षी मीच रंगवले. सगळे बैल भेलेले दिसतात. भाकरीही मीच करतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काई नाई.

आता खरी भानगड. खादीवाले गोमाजी चरखे न्याले आलते. त्याईनं विचारलं, शकुबाईचा आवाज काऊन नाई? मी म्हटलं, बोलत नाई. कवापासून? म्हटलं, चैतापासून. जेवतात काय? म्हटलं, जेवल्या त दोन घास. गोमाजी दारातच हात जोडून उभे राह्यले. दुसऱ्या दिवशी साऱ्या पिपरीत झालं का सुताराच्या घरी मौनव्रत चालू हाये. आपल्या वर्ध्याकडे माणूस एक वेळ जेवला नाई न चार दिवस गप बसला त लोक त्याले आजारी समजत नाईत, मोठा समजतात. आता बाया येतात, समोर बसतात, नारळ ठेवून जातात. शकू त्याईच्याकडे पाहते का भिंतीकडे, हे मलेही समजत नाई.

मी कोणाले खरं सांगतलं नाई, खोटंही सांगतलं नाई. पागल म्हणण्यापेक्षा साध्वी म्हटलेलं बरं, असा विचार केला. चुकला असन त सांगा. आईले पंधरा दिवसासाठी अथी पाठवून द्या. मायजवळ लेक बोलन कदाचित.

आपला,
रूपराव


कारंजा (घाडगे),
ता. ९ ऑगस्ट १९५५

जवाईबापूंना मधुकररावाचा नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच बातमी आली होती. वर्ध्याहून सरकी घेऊन निघालेला एक ट्रक आमच्या हॉटेलासमोर थांबला. ड्रायव्हर सांगत होता, पिपरीत एक बाई मौन धरून बसली आहे, तिच्यासमोर घटकाभर बसलं की डोकं शांत होतं. मी विचारलं, कोणाच्या घरची? तो म्हणाला, सुताराच्या. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ती माझी सख्खी धाकटी बहीण. तेव्हापासून हॉटेलात लोक माझ्याशी जरा सांभाळून बोलतात.

'परत बसली' असं तुम्ही लिहिलंत, तो तुमचा साधेपणा. ज्याच्या घरात असं काही घडतं त्यालाच ते ओळखू येत नाही. लहानपणीसुद्धा शकू एकटीच दारात तासन्‌तास बसून राहायची. हाक मारली तरी उठायची नाही. तेव्हापासूनच तिला ही ओढ असली पाहिजे. तुम्हाला मूल नाही, हेही आता एका परीनं योग्यच झालं म्हणायचं.

आनंदाची गोष्ट अशी, की आपल्या नलूला आर्वीचं स्थळ आलं आहे. घर खादीचं, भूदानात दोन एकर दिलेलं. मुलाची आई भागीरथाबाई फार धार्मिक, पहाटे चारला उठून पूजेला बसतात. नलूच्या आत्याचं मौन चालू आहे हे कळल्यावर त्या स्वतःहून म्हणाल्या, मुलगी बघायची गरज नाही. माझ्या लेकीचं लग्न बहिणीच्या पुण्याईवर जमतं आहे, आणखी काय पाहिजे?

आईचे गुडघे फार धरले आहेत, तिला प्रवास झेपणार नाही. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. तिला समाधान वाटलं.

तुमचा,
मधुकर


पिपरी (मेघे),
ता. १४ सप्टेंबर १९५५

मधुकरराव,

तुमचं पत्र शकूले वाचून दाखवलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. तुमी याचाही अर्थ साधना असा लावसान, म्हून पहिलेच सांगतो, हे व्रत नाई. हे दुखणं हाये.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावातले पोट्टे बैल घेऊन मिरवत होते. मी दारात उभा राहून माहे भेलेले बैल पाहत होतो. वळून पाह्यलं त शकू घरात नाई. मले आनंद झाला. वाटलं, उठली एकदाची, पाण्याले गेली. मागं गेलो त विहिरीच्या काठावर उभी होती. जवळ बादली नोती. दोरही नोता. मी हात धरून आणली, ती आली.  घरात आल्यावर तिनं चैतापासून पहिल्यांदा पुरं बोलणं केलं. म्हणाली, "मले काईच वाटत नाई. तुमी मेले तरी वाटणार नाई. याचंच भेव वाटते."

मी म्हटलं, मी काई मरून नाई राह्यलो. यापेक्षा चांगलं सुचलं नाई. मग अंगणात जाऊन रडलो, तेही लिहून ठेवतो.

तवापासून पटाश्या, आरी, वाकस रोज संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी ठेवतो. शेजारी समजते मी चोराले भेलो. विहिरीले जाड फळ्याचं झाकण करून कुलूप लावलं. गोमाजीनं ते पाहून म्हटलं, पाण्याची शुद्धता राखता, चांगली गोष्ट हाये.

उपाय करून राह्यलो नाई असं समजू नका. वैद्याचं ब्राह्मीचं तेल झालं, त्यानं माहे उशीचे अभ्रे खराब झाले. मग एका निसर्गोपचारवाल्या सद्गृहस्थानं पोटावर ओली माती बांधाले सांगतली. पोट गार झालं. मग गिरडले घेऊन गेलो, बाबाच्या दर्ग्याच्या टेकडीवर. चढतांना शकू चार जागी बसली. मुजावर म्हातारा होता, त्यानं मोरपिसानं झाडलं, तिच्या डोळ्यात नीट पाह्यलं न मले बाजूले घेतलं. म्हणाला, बाबाचं नाव घेत जा, पन दवाखान्यात बी दाखव. टेकडी उतरलो न दुसऱ्या दिवशी तिले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. हे मले पहिलेच सुचाले पाहिजे होतं. टेकडी चढून येईपर्यंत सुचलं नाई.

डॉक्टर तरुण हाये. त्यानं माह्याशी कमी न शकूशी जास्त बोलणं केलं, ती उत्तर देत नोती तरी. मग मले म्हणाला, हे मनाचं दुखणं हाये, पन दुखणंच हाये. कावीळ झालेल्याले तुमी पिवळा होऊ नको म्हणता काय? तसं हिले उदास राहू नको म्हणू नका. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात यावर विजेचा उपचार करतात, तथी काई आठवडे राहावं लागन. उशीर करू नका, विहिरीचं झाकण म्हंजे उपचार नाई.

त्यानं एक विचारलं हाये. शकूच्या माहेरी, विशेष करून आईच्या बाजूनं, असं कोणाले झालं होतं काय, न झालं असन त ते माणूस बरं झालं काय. मी म्हटलं, मेव्हण्याले विचारून सांगतो. तवा कळवा.

रूपराव


कारंजा (घाडगे),
ता. ३० सप्टेंबर १९५५

जवाईबापू,

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही नागपूरचं नाव काढलंत ते ठीक, पण कृपा करून पोस्टकार्डावर काढू नका. इथला पोस्टमन वाचल्याशिवाय काही देत नाही.

तुमच्या डॉक्टरला सांगा, आमच्यात असं कोणालाही कधीही झालेलं नाही. आमची आई तर तुम्ही पाहिलीच आहे. ती सकाळपासून ओरडते ती रात्रीच थांबते.

नागपूरच्या त्या दवाखान्याला लोक काय म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. शकू तिथं गेली की नलूचं लग्न मोडलं. लग्न वैशाखात आहे. तोपर्यंत ती बसली आहे तशी बसू द्या. एवढे महिने बसली, आणखी थोडे. तुम्ही विहिरीचं लिहिलंत त्यानं काळजी वाटते, पण कुलूप लावलं हे उत्तम केलंत.

दुसरं असं, की पुढच्या पंधरवड्यात भागीरथाबाई दर्शनाला पिपरीला येत आहेत. शकूला आंघोळ घालून स्वच्छ पांढरं लुगडं नेसवा. तुम्ही स्वतः फार बोलू नका.

आणि एक मन मोठं करून लिहितो. तुम्हाला संसाराची अडचण होत असेल तर नलूचं लग्न झाल्यानंतर तुम्ही दुसरं घर केलं तरी आमची हरकत नाही. शकूला आम्ही इकडे आणू. हॉटेलामागची खोली रिकामीच आहे.

तुमचा,
मधुकर


पिपरी (मेघे),
ता. २० ऑक्टोबर १९५५

मधुकरराव,

दुसऱ्या घराबद्दल. एकीसंगं न बोलता मी एवढा दमलो, का दोघीसंगं बोलाची ताकद अंगात नाई. हॉटेलामागची खोली तुमी कांदे ठेवाले वापरा. हा विषय अथीच संपला.

भागीरथाबाई येऊन गेल्या. मी शकूले आंघोळ घातली, केस विंचरून दिले. ते तुमच्यासाठी नाई, मी तसंही दर बुधवारी करतो. पांढरं लुगडं नोतं, हिरवं नेसवलं. बाई बसल्या त बसूनच राह्यल्या, सोबतचे लोक बाहेर चुळबुळ कराले लागले. बाईनं आशीर्वाद मागतला नाई, प्रश्न विचारला नाई. जातांना हळूच एवढंच विचारलं, "झोप लागते काय?" शकूनं मान हलवली, नाई. मग बाईनंही तशीच मान हलवली. मले वाटलं, मौनातला नमस्कार असा असन. दारातून जातांना त्याईनं डोळे पुसले. तुमचं काम झालं असं समजा.

माहं काम झालं नाई. मी शकूले नागपूरचं सांगतलं. ती घाबरली. घाबरली हेही चांगलं वाटलं, काईतरी वाटलं तिले. म्हणाली, तथी गेलेलं माणूस परत येत नाई. मी म्हटलं, मी संगं राहीन. म्हणाली, तुमीही सोडून येसान. मी हात धरून ओढत नेऊ शकतो, पन डॉक्टर म्हणतो, तिच्या मनानं आली त अर्धं काम होते. माह्यानं ते मन होऊन नाई राह्यलं. रोज संध्याकाळी हत्यारं शेजारी नेऊन ठेवतांना वाटते, उद्या सकाळी आणाले गेलो न मांगं घरात काई झालं त काय करू? माह्याजवळ बायको हाये न रंधा हाये. मधुकरराव, मले वैशाखापर्यंत दम धरवत नाई.

संगं आईसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली हाये. ती नलूनं वाचून दाखवावी. तुमचा आवाज मोठा हाये, पन वाचतांना तुमी मधातल्या ओळी गाळता असा मले संशय हाये.

रूपराव


कारंजा (घाडगे),
ता. २९ ऑक्टोबर १९५५

जवाईबापू,

त्या चिठ्ठीत तुम्ही काय लिहिलं होतं?

नलूनं वाचून दाखवली. आईनं रात्री भाकरी बांधून ठेवल्या आणि सकाळच्या मोटारीनं निघून गेली. मी आंघोळीला बसलो होतो. लोक सांगतात, ती पळत जाऊन मोटारीत चढली. गुडघ्यांचं मी काय समजायचं?

पोचली की ताबडतोब कळवा. आणि ती जे काही सांगेल त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. वय झालं आहे.

मधुकर


पिपरी (मेघे),
ता. ३ नोव्हेंबर १९५५

मधुकरराव,

आई पोचली. चिठ्ठीत मी विहिरीचं न बादलीचं लिहिलं होतं, तुमी गाळलेलं तेवढंच.

आईनं चपला काढल्या, तांब्याभर पाणी पेली न सरळ मधल्या घरात गेली. दोन बाया दर्शनाले बसल्या होत्या. आई त्याईले म्हणाली, उठा बाई, अथी दुखणं हाये, गर्दी करू नका. त्या उठून गेल्या, नारळही घेऊन गेल्या. मग आई शकूच्या पुढ्यात बसली. मी दारात उभा होतो, मले जा म्हटलं नाई म्हून थांबलो. ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहितो, तुमाले नवं नसन तरी.

म्हणाली, "पोरी, तू सहा वर्षाची होती तवा मी उन्हाळाभर तुमसरले तुह्या मामाकडे गेलती, आठवते?"

शकूनं मान हलवली, हो.

"मी तुमसरले नोती गेली. मी नागपूरच्या दवाखान्यात होती. तुले झालं तेच मले झालतं. मीही भिंतीकडे पाहत होती. तुह्या बापानं नेलं तवा मलेही वाटलं, तथून कोणी परत येत नाई. मी आली का नाई? तुह्यासमोर बसली हाये का नाई?"

शकू लय वेळ आईकडे पाहत राह्यली. मग म्हणाली, "मी रोज दारात बसत होती. मले वाटलं, म्या काई केलं म्हून तू गेली."

आई म्हणाली, "मले हे माहीत नोतं." न तिले जवळ ओढलं. मग दोघी रडल्या. शकू चैतापासून रडली नोती. मी चूल पेटवाले गेलो, ओली लाकडं होती ते बरं झालं.

तुमी लिहिलं होतं शकूले लहानपणी दारात बसाची ओढ होती. ती ओढ कशाची, ते आता तुमाले समजलं असन.

आईले विचारलं, तवा तथी काय उपचार केला? म्हणाली, झोपेचं औषध देत न पडू देत, तवा वीज नोती. मी बरी झाली का दुखणंच थकलं कोण जाणे, पन उठली. डॉक्टरले हे सांगतलं त तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, याच्यावरून पक्कं काई सांगता येत नाई, पन आशा धराले चांगली जागा हाये.

शकूनं रात्री आपणहून विचारलं, आई येशीन काय संगं? आई म्हणाली, येतो ना. आमी तिघं परवाच्या गाडीनं नागपूरले चाललो. पिपरीत मी दवाखान्यात चाललो असंच सांगतलं. गोमाजीनं चरखे मोजले नाईत, तसेच घेऊन गेले.

रूपराव


कारंजा (घाडगे),
ता. १० नोव्हेंबर १९५५

जवाईबापू,

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. बाबा म्हणाले, कोणी विचारलं तर तुमसर सांगायचं. मी इतक्या वेळा सांगितलं, की मला तुमसरचं स्टेशन आठवायला लागलं, मामाच्या घराची पायरी आठवायला लागली. मी तुमसर पाहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हासुद्धा हात आपोआप तेच लिहून गेला. शकू दारात बसायची तेव्हा मी तिला पेरू आणून द्यायचो, ती खायची नाही, मग मीच खायचो.

आर्वीवाल्यांनी विचारलं, मौन कुठवर आलं? मी सांगितलं, शकू तीर्थाला गेली आहे. कुठल्या? म्हणालो, आठवत नाही. आता पुढं काय ते तुम्हीच सांगा, माझं डोकं चालत नाही.

एका ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती तांदूळ आणि लिंबाचं लोणचं धाडलं आहे. आईचं दुसरं लुगडं त्यातच आहे. शकूले सांगजा, दादा येऊन राह्यला.

मधुकर


नागपूर,
ता. १२ डिसेंबर १९५५

मधुकरराव,

तुमी येऊन गेले, शकूनं तुमचा पेरू खाल्ला, त्यानंतरची हकीकत लिहितो.

विजेचा उपचार आठवड्यातून दोनदा होते. मी विचारलं म्हून अथल्या डॉक्टरनं सगळं सांगतलं. डोक्याले दोन्हीकडून लावतात, घडीभर अंग आखडते, मग माणूस झोपते. ऐकाले वाईट हाये, पाहाले मले जाऊ देत नाईत, तेही बरं. पहिल्या खेपेस शकूनं माहा हात सोडला नाई, नर्सनं बोट बोट करून सोडवला. मी बाहेर बाकावर बसलो. तो बाक हलत होता, खिशात पटाशी असती त नीट केला असता, पन पटाशी जवळ ठेवाची सवय आता राह्यली नाई.

आई दिवसभर तिच्याजवळ बसते न सगळ्या वॉर्डावर ओरडते. नर्सा तिले भेतात. वीस-बावीस वर्षांआधी मी अथीच होती हे ती सगळ्याईले सांगते. बाकीच्या बाया येऊन तिच्याकडे पाहून जातात, परत गेलेलं माणूस कसं दिसते म्हून.

पहिल्या तीन खेपांनी काई फरक नाई. मी डॉक्टरले विचारलं, नाई झाली त? तो म्हणाला, नाई झाली त दुसरं काई करू. त्यानं खोटं सांगतलं नाई म्हून त्या रात्री मले धर्मशाळेत झोप लागली. शकू गोष्टी विसरते. मागचे कित्येक महिने तिच्या डोक्यातून गेले. डॉक्टर म्हणतो, थोडं परत येईन, सगळं येणार नाई.

काल संध्याकाळी मी गेलो त तिनं माह्याकडे पाह्यलं. म्हणाली, धोतर किती दिवसाचं हाये? मी म्हटलं, चार. म्हणाली, वासावरून जास्त वाटते. आईनं पदर तोंडाले लावला. मी जाऊन डॉक्टरले सांगतलं. त्यानं कागदावर काईतरी लिहून घेतलं, बहुतेक धोतरच. मग मी बाकावर येऊन बसलो न मले उठताच येईना, एवढा आनंद झाला.

आर्वीले खरं सांगून टाका. आमच्या घरातला आनंद लपवाची सोय आता नाई.

रूपराव


पिपरी (मेघे),
ता. २६ ऑगस्ट १९५६

दादा, तुह्या पाया पडतो.

हे पत्र मी स्वतः लिहून राह्यली. अक्षर वाकडं हाये, पन तुह्या बोलण्यापेक्षा सरळ हाये.

मी बरी हाये. वैशाखात एकदा परत सकाळी उठावंसं वाटेना. मी याईले म्हटलं, काढा तिकीट. या खेपेस थोडक्यात झालं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा होऊ शकते. होईन त पुन्हा जाईन, रस्ता त माहीत झाला. महिन्यातून एकदा दाखवाले जातो, येतांना इतवारीच्या बाजारात साबुदाणा घेतो.

लोक सांगतात मी साध्वी होती. मले काईच आठवत नाई. गोमाजीनं येऊन विचारलं, एवढ्या मौनात काय गवसलं? मी म्हटलं, काई नाई गवसलं, म्हून त दवाखान्यात गेली. त्याईचं तोंड उतरलं. आता दर्शनाले कोणी येत नाई. भाजीवाली येते, तिचा भाव अजूनही लबाड हाये.

आर्वीवाल्याईनं नलूचं लग्न पुढं ढकललं न तू मले एका शब्दानं बोलला नाई. मनात बोलला असशीन त ते तुह्याजवळ ठेव. आता जे सांगतो ते नीट वाच, न हॉटेलात वाचू नको.

परवा दिवेलागणीले दाराची कडी हळू वाजली. भागीरथाबाई होत्या, एकट्याच. म्हणाल्या, तान्ह्या पोळ्याचा बैल घ्याचा हाये. संगं लेकरू नोतं, घरात लहान लेकरूही नाई. मी बसा म्हटलं. आई अजून अथीच हाये, तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्याईनं विचारलं, आता झोप लागते काय? मी म्हटलं, लागते. तुमाले? त्याईनं मान हलवली, नाई. मग रडाले लागल्या. म्हणाल्या, कित्येक वर्षं झाली. घरचे म्हणतात केवढी भक्ती हाये, पहाटे चारले उठून पूजेले बसते. मी उठत नाई बाई, मी झोपलेलीच नसतो. देवासमोर बसलं का कोणी काई विचारत नाई, म्हून बसतो.

मी डॉक्टरचं नाव सांगतलं, गाडीची वेळ सांगतली. मी संगं येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, घरी काय सांगू? आई लगेच म्हणाली, तुमसरले गेली म्हणा, तथी माहा भाऊ हाये. मामा मरून बारा वर्षं झाली, पन आईच्या तोंडावर रेघ हालली नाई.

मी म्हटलं, नाई. पोराले बसवून सांगा, का मी आजारी हाये, दवाखान्यात चालली न परत येतो. पोरगा लग्नाचा झाला तरी सांगा. मले कोणी सांगतलं नोतं, मी उन्हाळाभर दारात बसली.

आई उठून माह्या ताटात वाढाले लागली. मी तवा जेवाले बसलीही नोती.

नलूच्या लग्नाची गोष्ट त्याईनं काढली नाई, मीही काढली नाई. पुढच्या सोमवारी आमी दोघी नागपूरले चाललो. काल निरोप आला, त्याईच्या पोरानंच तिकिटं काढली, तोच वर्ध्याच्या स्टेशनवर सोडाले येणार हाये. तूही स्टेशनवर ये. पोरगा कसा हाये, ते सांगून समजत नाई, पाहून घे.

यंदा बैलाचे डोळे मी रंगवून राह्यली. मागच्या वर्षीचा एक बैल विकला गेला नोता, याईनं डोळे काढलेला. हे म्हणाले, याचे पुसून नवे काढ. मी तो हातात घेऊन पाह्यला. ते महिने मले आठवत नाईत, पन त्या बैलाकडे पाह्यलं का समजते, तवा या घरात कोण किती भेलं होतं. मी याईले तसं बोलली नाई. बैल भिंतीतल्या देवळीत ठेवला, तसाच. भागीरथाबाईले दुसरा दिला.

येतांना लिंबाचं लोणचं आणजो. मागचं आईनं सगळं वॉर्डात वाटलं.

तुही,
शकू